व्यायामाच्या बोलीतील काही शब्द : नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात

नंदुरबार, शहादा, नवापूर, तळोदे या गावांत अलीकडे ज्या व्यायामशाळा निघाल्या आहेत त्यांच्या पाटीवर ‘व्यायामशाळा’ हा शब्द क्वचितच आढळतो. पाटीवर ‘जिम’ असते, किंवा ‘फिटनेस’ ह्या शब्दाशी जोडलेले एखादे नाव असते. ‘तालीम’ हा शब्द वयस्क मंडळींच्या तोंडी उरला आहे. या दोहोंखेरीज व्यायामाचे तिसरे स्थळ या जिल्ह्यात आहे आणि ते बहुधा सर्वांत गजबजलेले आहे. ते म्हणजे पहाटेचे मैदान. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले व मुली तेथे उजाडण्यापूर्वी धावत असतात. मुलांस १६०० मीटर व १०० मीटर धावावयाचे असते आणि ७.२६ किलोग्रॅमचा गोळा फेकावयाचा असतो. मुलींस ८०० मीटर व १०० मीटर अंतर आणि ४ किलोग्रॅमचा गोळा.

तालीम, जिम आणि मैदान या तीन स्थळांच्या तीन बोली आहेत, आणि त्या एकमेकींत मिसळत आहेत. भाषेच्या अभ्यासकाने परकीय शब्दांची संख्या मोजून हळहळ व्यक्त करावी, हा अशा प्रसंगीचा रूढ प्रकार होय. प्रस्तुत लेखाचा हेतू तो नाही. नव्या शब्दांनी काय साधले आणि कोणता भेद पुसला, हे येथे पाहावयाचे आहे. कारण त्यांपैकी एक भेद असा आहे की तो पुसला गेल्यास या जिल्ह्यात एखाद्याच्या जिवावर बेतू शकते.

प्रथम जुन्या शब्दांविषयी. ते ‘आपले’ आणि नवे ‘परके’ अशी वाटणी करावयास गेल्यास ती टिकत नाही. ‘तालीम’ हा अरबी शब्द असून त्याचा मूळ अर्थ शिक्षण असा आहे. ‘इल्म’ हा शब्द त्याच धातूचा. म्हणूनच नाटकाचीही तालीम होते आणि कुस्तीचीही. ‘वस्ताद’, ‘पहिलवान’, ‘जोर’ आणि ‘खुराक’ हे फारसीतून आले. ‘कसरत’ हा मुळात अरबी ‘विपुलता’वाचक शब्द, तीच ती क्रिया पुष्कळ वेळा करणे यावरून त्याला व्यायामाचा अर्थ प्राप्त झाला. ‘आखाडा’ मात्र संस्कृत ‘अक्षवाट’पासून प्राकृतातून उतरलेला आहे आणि ‘व्यायाम’ शब्दात ताणणे, विस्तारणे हा अर्थ आहे. ‘जिम’चे मूळ ग्रीक ‘जिम्नॉस’ म्हणजे विवस्त्र या शब्दात आहे. लंगोट लावून मातीत उतरणाऱ्या आपल्या मल्लाला हे मूळ फारसे चमत्कारिक वाटू नये. (‘जिमखाना’ हा वेगळाच गमतीचा शब्द आहे. तो ‘गेंदखाना’ या शब्दाचे इंग्रजी वळणाचे रूप मानला जातो.)

तालमीच्या भाषेला शिस्तबद्ध रूप देण्याचे प्रयत्नही या प्रदेशाच्या शेजारीच झाले. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरातील प्रा. माणिकराव यांनी सामुदायिक कवायतीच्या आज्ञा इंग्रजीऐवजी देशी भाषेत रचल्या. बडोद्याहूनच द. चिं. मुजुमदार यांनी १९३६ पासून व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड प्रसिद्ध केले. अमरावतीस १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले. एवढ्या परिश्रमानंतरही त्या परिभाषेतील थोडेच शब्द आजच्या जिममध्ये पोहोचले. पोहोचली ती मुख्यत्वे क्रियापदे, आणि हीच गोष्ट व्याकरणदृष्ट्या लक्षणीय आहे.

तालमीत जोर ‘मारीत’ वा ‘काढीत’, बैठका ‘मारीत’ वा ‘काढीत’, जोडी ‘फिरवीत’. आज जिममध्ये सेट ‘मारतात’, पुशअप ‘मारतात’, वेट ‘मारतात’. नाम पालटले, क्रियापद जागचे हलले नाही. उसना शब्द आपल्या भाषेत वस्तीला येतो तेव्हा त्याला घर जुन्याच क्रियापदाचे मिळते, याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधून मिळणार नाही.

‘वजन’ आणि ‘वेट’ यांचे प्रकरण अधिक उद्बोधक आहे. ‘वजन’ हाही अरबी शब्दच, परंतु मराठीत पूर्ण मुरलेला. ‘वजन वाढव’ या वाक्याचे जिममध्ये दोन अर्थ होतात : दांडीवरचा भार वाढव, किंवा स्वतःच्या अंगाचा भार वाढव. बोलणाऱ्यांनी हा संदिग्धपणा आपसूक दूर केला आहे. दांडीवरचे ते ‘वेट’, अंगाचे ते ‘वजन’. ‘वेट वाढव, वजन कमी कर’ हे वाक्य जिममध्ये सहज ऐकू येते आणि कोणाचा गोंधळ होत नाही. येथे इंग्रजी शब्दाने मराठीला एक उपयुक्त भेद दिला आहे, हे मान्य केले पाहिजे.

या भेदामागे व्यायामपद्धतीतीलही एक खरा भेद आहे. तालमीत मोजावयाची ती आवर्तने : शंभर जोर, पाचशे बैठका. शरीराचा भार तोच राही, संख्या वाढे. अशा व्यायामाने दमसास उत्तम वाढतो, परंतु काही काळानंतर स्नायूंच्या बळात पडणारी भर मंदावते. लोखंडी तबकड्यांच्या व्यायामात भार थोडाथोडा वाढविता येतो. आठ ते बारा आवर्तनांत स्नायू थकेल एवढा भार घ्यावयाचा, तो हलका वाटू लागला की किलो-दोन किलोंनी वाढवावयाचा, आणि मधल्या दिवशी त्या स्नायूला विसावा द्यावयाचा. कारण स्नायू भरतो तो विश्रांतीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांस आठवड्यातून किमान दोन दिवस बळवर्धक व्यायाम सांगितलेला आहे. तेव्हा जिमची भाषा मोजमापाच्या बाबतीत तालमीच्या भाषेहून काटेकोर आहे, याबद्दल वाद नको.

परंतु मोजमापाचा एक प्रकार तिच्यातून गळला. सुश्रुतसंहितेत व्यायामाची मर्यादा अंगातील अर्धे बळ खर्ची पडेपर्यंत अशी सांगितली आहे, आणि ती ओळखण्याच्या खुणा शरीरावरच्या आहेत : कपाळ, नाक व सांधे यांवर घाम येणे, तोंडास कोरड पडणे, श्वास तोंडावाटे येऊ लागणे. हे माप बाहेरच्या काट्यावर दिसत नाही, करणाऱ्याच्या अंगातच असते. आधुनिक प्रयोगांतूनही एवढे दिसते की बळ वाढविण्यासाठी प्रत्येक वेळी अंगातले त्राण संपेपर्यंत जाण्याची आवश्यकता नसते. दोन-तीन आवर्तने शिल्लक ठेवूनही जवळजवळ तितकाच लाभ होतो. जिमच्या भिंतीवरील इंग्रजी घोषवाक्य मात्र वेदनेवाचून लाभ नाही असे सांगते. या ‘पेन’ शब्दाकडे पुढे वळावयाचे आहे.

शरीराविषयीच्या क्रियापदांतही पालट झाला आहे. पूर्वी शरीर ‘कमावीत’, आता बॉडी ‘बनवितात’. ‘कमावणे’ हे क्रियापद ‘कर्म’ शब्दाच्या कुळातले. आपण पैसा कमावतो, कातडे कमावतो, जमीनही कमावतो. तिन्ही ठिकाणी दीर्घ काळ राबण्याची छटा आहे. ‘बनविणे’ या क्रियेला अंत असतो. वस्तू बनून तयार होते. लग्नाच्या किंवा भरतीच्या तारखेआधी तीन महिन्यांत बॉडी बनवून मागणाऱ्या तरुणाच्या मनात हेच दुसरे क्रियापद असते. दंडावरील फुगवट्याला मराठीत ‘बेटकुळी’ म्हणतात, म्हणजे छोटी बेडकी. आणि ज्यापासून ‘मसल’ शब्द आला त्या लॅटिन शब्दाचा अर्थ छोटा उंदीर. कातडीखाली काहीतरी जिवंत हलते आहे, हे रोमन आणि मराठी पोरांना सारखेच दिसले असले पाहिजे. ‘बायसेप’ शब्दाने ती बेडकी पळवून लावली, एवढी तक्रार मात्र प्रस्तुत लेखक नोंदवू इच्छितो.

आता आहाराचे शब्द. तालमीचा शब्द ‘खुराक’, वैद्यांचा शब्द ‘पथ्य’, जिमचा शब्द ‘डाएट’. खुराक म्हणजे नेहमीच्या जेवणाहून अधिक काही : दूध, तूप, बदामाची थंडाई. पथ्य म्हणजे प्रकृतीला मानवेल ते आणि न मानवेल ते वगळणे. ‘डाएट’च्या ग्रीक मुळाचा अर्थ जीवनक्रम असा व्यापक होता, मराठीत येता येता तो एवढा आखडला की ‘डाएट करतो’ म्हणजे कमी खातो. मराठीची जुनी शब्दसंपत्ती पाहिली तर अंग भरण्याचे शब्द बहुतेक गौरवाचे आहेत : बाळसे धरणे, अंग धरणे, अंगावर मूठभर मांस चढणे. रोडावणे, हडकणे, वाळणे, खंगणे हे सारे काळजीचे शब्द. टंचाईच्या समाजात असेच व्हावयाचे. आणि ती टंचाई या जिल्ह्यातून गेलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) नंदुरबार जिल्ह्यातील पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालके वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. अक्राणी वा अक्कलकुवा तालुक्यातील अंगणवाडीच्या काट्यावर ‘वजन’ वाढावे म्हणून डोळे लागलेले असतात. शहाद्याच्या जिममधील काट्यावर तेच उतरावे म्हणून. एका जिल्ह्यात एका शब्दाची ही दोन टोके आहेत, आणि डोंगरातून भरतीसाठी खाली येणारा मुलगा पहिल्या टोकाचा असूनही त्याच्या कानी उपदेश दुसऱ्या टोकाचा पडतो.

‘प्रोटीन’ शब्दाचा अर्थसंकोच तर डोळ्यांदेखत घडत आहे. ‘प्रथिन’ हा मराठी पर्याय मोठ्या कौशल्याने घडविलेला आहे; ‘प्रोटीन’च्या मुळाशी ग्रीक ‘पहिला’ हा अर्थ, तर ‘प्रथिन’मध्ये संस्कृत ‘प्रथम’. तो पाठ्यपुस्तकात राहिला. जिममध्ये ‘प्रोटीन घेतोस का?’ असा प्रश्न येतो तेव्हा त्याचा अर्थ डब्यातील भुकटी असा असतो. डाळ खाणारा मुलगा या प्रश्नास ‘नाही’ असे उत्तर देतो! वस्तुतः उडीद, तूर वा भुईमूग यांच्या १०० ग्रॅममध्ये २२ ते २५ ग्रॅम प्रथिने असतात, ज्वारीत सुमारे १०, एका अंड्यात ६ ते ७. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढास वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. वजनाचा नियमित व्यायाम करणाऱ्यास १.४ ते २ ग्रॅम सांगतात. साठ किलोंच्या तरुणास हा आकडा ८४ ग्रॅमपासून सुरू होतो. तो गाठणे कष्टाचे आहे, पण अशक्य नाही. खानदेशात ज्वारीबरोबर उडीद दळून कळण्याची भाकरी करतात. धान्याच्या प्रथिनात जे अमिनो आम्ल उणे असते ते कडधान्यात भरपूर, आणि कडधान्यात जे उणे ते धान्यात; त्यामुळे ही भाकरी नुसत्या ज्वारीच्या भाकरीहून सरस ठरते. तिला कोणी प्रोटीन म्हणत नाही एवढेच.

येथवरचे शब्द लाभहानीचे होते. दुखण्याच्या शब्दांचे तसे नाही. व्यायामानंतर किंवा व्यायाम करताना शरीराला जे होते त्यासाठी मराठीत किती निरनिराळे शब्द आहेत पाहा. अंग आंबते, पाय भरून येतात, पोटरीत गोळा येतो, पेटका येतो, पाठीत उसण भरते, चमक निघते, पाय मुरगळतो, सांधा ठणकतो, छातीत कळ येते, हातपाय गळतात. हे पर्यायशब्द नव्हेत. प्रत्येकाने एक निराळी अवस्था दाखविली जाते. ‘आंबणे’ हा शब्द विशेष मार्मिक आहे. पीठ जसे रात्रभर राहून आंबते तसे अंग व्यायामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबते, आणि काही दिवसांत आपोआप मोकळे होते. हे दुखणे निरुपद्रवी आहे. (स्नायूत साचणारे आम्ल हे त्याचे कारण, अशी समजूत पुष्कळ दिवस होती व शब्दाशी ती जुळतेही, पण ते आम्ल व्यायाम थांबल्यावर थोड्याच वेळात निघून जाते. शब्द काळाच्या बाबतीत खरा निघाला, आम्लाच्या बाबतीत नाही.) जिममध्ये आणि मैदानावर या सर्वांना ‘पेन’ हा एकच शब्द लावला जातो, आणि पेन असले की ते सहन करावयाचे, असे तेथील शास्त्र.

हा भेद पुसला जाणे कोठेही गैरसोयीचेच आहे. नंदुरबार जिल्ह्यात ते धोक्याचे आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याच्या सुमारे साडेसोळा लाख लोकसंख्येपैकी शेकडा ६९ लोक अनुसूचित जमातींचे होते, आणि भिल्ल, पावरा, मावची आदी समाजांत सिकलसेलच्या वाहकांचे प्रमाण लक्षणीय आहे. आईबापांपैकी दोघांकडून हे जनुक आले तर मूल रुग्ण होते. एकाकडूनच आले तर ते वाहक होते. वाहक हा रोजच्या व्यवहारात निरोगी मनुष्य असतो. त्याने व्यायाम करू नये असे मुळीच नाही, भरतीत उतरू नये असेही नाही. परंतु अतितीव्र श्रम, ऊन आणि अंगातील पाण्याची तूट ही तीन एकत्र आली म्हणजे त्याच्या काही तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकू शकतात. मग स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो, स्नायू विघटित होतात आणि मूत्रपिंडांवर घाला पडतो. अमेरिकेच्या सैन्यातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या अभ्यासात (२०१६) वाहकांचा मृत्यूचा धोका वाढलेला आढळला नाही, पण श्रमाने स्नायूंचे विघटन होण्याचे प्रमाण सुमारे दीडपट आढळले. दक्षतेने श्रम करविले तर धोका आटोक्यात राहतो, असा त्याचा अर्थ लावता येतो. तेथील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने २०१० पासून खेळाडूंच्या या तपासणीचा नियम केला.

दक्षता म्हणजे काय, तर ओळखणे. आणि ओळख नेमकी दोन मराठी क्रियापदांमध्ये आहे. उन्हात धावताना सामान्य पेटका येतो तेव्हा स्नायू ‘गोळा’ होतो. तो हाताला घट्ट लागतो, डोळ्यांना दिसतो, मुलगा ओरडतो आणि लंगडत थांबतो. वाहकाच्या पेशी विळ्यासारख्या होऊ लागतात तेव्हा दुखण्यापेक्षा अशक्तपणा अधिक असतो. स्नायू हाताला मऊच लागतो, पाय ‘गळतात’, मुलगा बसतो किंवा खाली कोसळतो, आणि पुष्कळदा तो नीट बोलतही असतो. कित्येकदा हे तीव्र श्रमाच्या पहिल्या काही मिनिटांतच घडते. गोळा आला तर स्नायू ताणून, पाणी पाजून, सावलीत विसावा देऊन भागते. हातपाय गळाले तर धावणे तत्क्षणी थांबवून, आडवे करून, अंग थंड ठेवून रुग्णालयात न्यावयास हवे. नंतर लघवी चहासारखी काळपट झाली तर विलंब मुळीच चालत नाही.

आता भाषेची अडचण पाहा. ‘हातपाय गाळणे’ हा मराठीत धीर सोडण्याचा वाक्प्रचार आहे. ‘दम लागणे’ ही शरीराची अवस्था, पण ‘दम नाही’ हा मनुष्यावरचा ठपका. त्यामुळे ‘सर, पाय गळाले’ असे मुलगा म्हणतो तेव्हा शिकविणाऱ्याच्या कानी ‘मी धीर सोडला’ असे पडते, आणि उत्तर येते ते ‘उठ, अजून एक राउंड’ असे. मैदानावर हा संवाद प्रस्तुत लेखकाने ऐकलेला आहे. शिकविणाऱ्याच्या मनात दुष्टपणा नसतो. त्याच्या भाषेत शरीराचा शब्द आणि मनाचा शब्द एकच असतो, इतकेच. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत उन्हात ५ किलोमीटर धावल्यानंतर काही उमेदवार दगावले. त्या मृत्यूंचा सिकलसेलशी संबंध येथे जोडावयाचा नाही. पण उन्हातल्या चाचणीत कोसळणाऱ्याकडे कसे पाहावे, हा प्रश्न तेव्हापासून महाराष्ट्रापुढे आहेच. नंदुरबारचा एप्रिल-मे मधील पारा चाळिशी ओलांडतो, हेही ध्यानी घ्यावे.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट असून तपासलेल्यास कार्ड मिळते. हे कार्ड बहुधा विवाहाच्या संदर्भात दाखविण्यासाठी आहे असे घरोघर समजले जाते. ते व्यायामाच्या संदर्भातही पाहिले जावे. जिममध्ये किंवा मैदानावर नाव नोंदविताना उंची, वजन व छातीचे माप लिहून घेतात, त्याच कागदावर ‘वाहक आहे काय’ हा प्रश्न घालता येईल. मात्र तो कोणाला वगळण्यासाठी नको, त्याला श्रम हळूहळू वाढवून द्यावेत, पाणी व विसावा मागितला की द्यावा, यासाठी हवा. आणि कोसळलेल्यास ‘पेन आहे का?’ असे न विचारता ‘गोळा आला की पाय गळाले?’ असे विचारावे, आणि पोटरी हाताने दाबून पाहावी.

याही पुढे एक पायरी आहे आणि ती आपल्या विभागाच्या कामाची आहे. मैदानावरील कित्येक मुलांची घरची भाषा मराठी नाही. ती पावरी, मावची, देहवाली भिली, गुजरी वा अहिराणी आहे. मराठी ही त्यांची शाळेची भाषा, आणि मनुष्य कोसळतो तेव्हा तो शाळेच्या भाषेत कोसळत नाही. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा पाहणीच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) भिली व खानदेशी बोलींचे नमुने आहेत. त्यासाठी वापरलेल्या ठराविक यादीत हात, पाय, पोट, पाठ यांचे शब्द मिळतात; गोळा येणे आणि गळून जाणे हे त्या यादीचे प्रयोजन नव्हते. हे दोन शब्द जिल्ह्यातील प्रत्येक बोलीत काय आहेत, आणि त्यांपैकी कोणता शब्द भित्रेपणासाठीही वापरला जातो, याची यादी धडगाव ते नवापूरपर्यंतच्या मैदानांवर पहाटे जाऊन करता येईल. विभागातील ज्या विद्यार्थ्यांच्या घरी या बोली बोलल्या जातात, त्यांच्यापासून सुरुवात व्हावी.